डॉर्कस हेस्लॉपची शिट्टी

डॉर्कस हेस्लॉपला कुणी "बाई, जरा बाजूला सरा" म्हटलं, की ती हटकून तिथेच उभी राहायची. कोण सांगतंय आणि कशासाठी, ते आधी कळू दे, एवढंच तिचं म्हणणं. नॉर्थ शील्ड्स बंदराच्या धक्क्यावर हेरिंग मासळीच्या टोपल्या घेऊन धावणारे कोळीसुद्धा तिला वळसा घालून जायचे. अँकर थेटरचे पाच मालक आले आणि गेले. कपडेपटाची किल्ली मात्र तीस वर्षं डॉर्कसच्याच कमरेला होती, आणि ती मागायची छाती त्या पाचांपैकी एकालाही झाली नाही.

सहावे मालक प्रुडो साहेब. अठराशे एक्याऐंशीच्या मार्चमध्ये त्यांनी तिला बोलावून घेतलं आणि फार गोड आवाजात सांगितलं, की येता आठवडाभर तुम्ही घरी विश्रांती घ्या. लंडनहून श्री. ऑब्रे डेलामेर येणार आहेत, त्यांचा कपडे चढवणारा माणूस त्यांच्याबरोबरच येतोय. डॉर्कसनं विचारलं, मी दमलेय असं तुम्हाला कुणी सांगितलं?  साहेबांनी टेबलावरून एक छापील पुस्तिका पुढे सरकवली. दारात विकायला आली होती. वर डेलामेरांचं चित्र, राजाच्या वेषातलं, आणि आत त्यांचं जीवन आणि घराणं.

डॉर्कसनं ती उभ्याउभ्या वाचून काढली. डेलामेरांचे वडील कॅप्टन होते, त्यांचं जहाज उत्तर समुद्रात बुडालं आणि शेवटचा माणूस होडीत बसेपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही. आई एका पाद्र्याची मुलगी होती, नाजूक प्रकृतीची. भाऊ नाही, बहीण नाही. पोरक्या मुलाला एका सरदार घराण्यातल्या बाईनं लॅटिन शिकवलं. पुस्तिका मिटून डॉर्कस म्हणाली, "सोमवारी मी नेहमीच्या वेळेला येते." आणि निघून आली.

कॅप्टन कसला आणि पाद्र्याची मुलगी कसली! ऑब्रे डेलामेर म्हणजे आमचा जोब हेस्लॉप, डॉर्कसचा धाकटा भाऊ. आई टॅमर गॅलरीत संत्री विकायची, आणि तिचा आवाज असा खणखणीत, की तिच्या हाकेपुढे नाटकातल्या राजांची भाषणं फिकी पडायची. नाजूक प्रकृती म्हणे! बाप एझ्रा गुडघा मोडल्यामुळे जहाजावरून उतरलेला खलाशी. तो थेटरच्या माळ्यावरच्या माणसांचा मुकादम होता. जोबचा पाळणा म्हणजे कपडेपटातली वेताची टोपली. त्याला भूक लागली, की डॉर्कस पावाचा तुकडा वाटाण्याच्या लगद्यात बुडवून भरवायची. सरदारीण बाई त्या टोपलीजवळ कधी फिरकलेली कुणी पाहिली नाही.

थेटरात शिट्टी मारायची नाही, हे आमच्याकडे रांगत्या पोरालाही ठाऊक असतं. कारण साधं आहे. रंगमंचाच्या डोक्यावर माळा असतो, आणि तिथून पडदे, ढग, राजवाड्याच्या भिंती असं सगळं दोरांवर खालीवर होतं. दोर ओढणारे सगळे जुने खलाशी, त्यांना गाठी ठाऊक आणि शिट्टीची भाषा ठाऊक. दोन आखूड शिट्ट्या म्हणजे धरून ठेवा, खाली माणूस आहे. एक लांब शिट्टी म्हणजे सोडा. खाली उभं राहून ही शिट्टी मारायचा हक्क एकट्या एझ्रा हेस्लॉपचा.

एकोणपन्नास सालची नोव्हेंबरातली सकाळ होती, तालीम चालली होती. आठ वर्षांचा जोब रंगमंचाच्या मधोमध उभा होता. त्याचे पुढचे दोन दात पडले होते, आणि त्या फटीतून छान शिट्टी वाजते हा शोध त्याला नुकताच लागला होता. त्यानं एक लांब शिट्टी मारली. माळ्यावर विशीतला कथबर्ट दोर धरून होता, त्यानं शिट्टी ऐकली आणि दोर सोडला. जंगलाचा रंगवलेला पडदा, खाली ओंडक्याएवढा लाकडी दांडा, सरळ खाली आला. एझ्रा मोडक्या गुडघ्यानं पलीकडून धावला, धावता धावता दोन आखूड शिट्ट्या मारल्या, पोराला ढकललं, आणि दांडा त्याच्या स्वतःच्या मानेवर बसला. तो जागच्या जागी गेला.

टॅमर गॅलरीतून धावत खाली आली. नवऱ्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि वर बघून एवढंच विचारलं, शिट्टी कुणी मारली? जोबचे ओठ अजून तसेच गोल होते. सोळा वर्षांची डॉर्कस विंगमध्ये सुई घेऊन उभी होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "मी."

त्या एका शब्दावर तिचं पुढचं सगळं आयुष्य गेलं. टॅमर त्यानंतर नऊ वर्षं जगली. डॉर्कसच्या हातचं जेवली, डॉर्कसनं विणलेली शाल पांघरली, पण तिला नावानं हाक म्हणून मारली नाही, शेवटच्या दिवशीही नाही. ते मात्र डॉर्कसला लागलं. बाकी जग तिनं कधी जुमानलं नाही. चॅपेलच्या उपदेशकानं एझ्राला पुरताना सांगितलं, की सैतानाच्या घरात राबणाऱ्याला सैतानानंच उचललं. पुढच्याच रविवारी ही पोरगी नाटकातली लाल पिसांची टोपी घालून चॅपेलच्या पहिल्या बाकावर जाऊन बसली आणि उपदेशक खाली उतरेपर्यंत त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. थेटरातल्या माणसांना वाटलं, आता ही तोंड लपवून गाव सोडेल. तिनं मालकाकडे जाऊन कपडेपटाचं काम मागितलं. म्हणाली, माझा बाप इथे मेला, मी दुसरीकडे कशाला जाऊ? पुढे एका मासळीवाल्यानं तिला मागणी घातली. माणूस चांगला होता, दुकान पक्कं होतं, अट एकच, थेटर सोडायचं. डॉर्कसनं त्याचा उसवलेला कोट शिवून दिला आणि त्याला परत पाठवला.

त्या दिवसानंतर मालकानं माळ्यावर घंटा बसवली आणि शिट्टी कायमची बंद झाली. नवीन येणाऱ्या नटाला हळूच सांगायचे, कपडेपटातली ती उंच बाई, तिच्यापायी बंद झाली. डॉर्कसला ऐकू जायचं. ती मान वर करून त्या नटाकडे बघायची आणि विचारायची, "कमरेत घट्ट होतंय का?"

जोब चौदाव्या वर्षी एका फिरत्या कंपनीबरोबर गेला. त्याचा पहिला अंगरखा तिनंच शिवला. आधी दर आठवड्याला पत्र यायचं, मग महिन्याला, मग नाताळाला. पुढे त्याचं नाव बदललं आणि पत्रं थांबली. एकदा लंडनहून रेशमी शाल आली, सोबत चिठ्ठी नव्हती. शालीचं डॉर्कसनं राणीच्या झग्याला अस्तर लावलं.

सोमवारी ती नेहमीच्या वेळेला आली. लंडनचा कपडेवाला दारात उभा होता. त्यानं तिला बाजूला सरायला सांगितलं, आणि पुढे काय झालं असेल ते तुम्हाला आता सांगायला नको. दुपारपर्यंत तो तिच्या हाताखाली बटणं लावत होता.

जोब बुधवारी एकटा कपडेपटात आला. चाळिशीचा झाला होता, देखणा, केसांना सुगंधी तेल लावलेला. दार लावून घेतलं आणि टोपलीच्या कडेवर बसला, लहानपणी बसायचा तसा. बरीच वर्षं झाली, तब्येत कशी आहे, इथे अजून थंडी तेवढीच असते, असं काहीबाही बोलला. शेवटी म्हणाला, ताई, तुला काय हवंय ते सांग. घर घेऊन देऊ का समुद्रावर?

डॉर्कसनं दोरा दातानं तोडला. तिला घर नको होतं. शनिवारी शेवटच्या खेळानंतर तो लोकांसमोर चार शब्द बोलेल, तशी पद्धतच आहे. त्या चार शब्दांत त्यानं बापाचं नाव घ्यायचं होतं. याच रंगमंचावर तो मेला, तेव्हा याच रंगमंचावरून एकदा एझ्रा हेस्लॉप एवढं म्हणायचं. बाकी पाद्र्याची मुलगी काय आणि लॅटिन काय, ते त्यानं खुशाल मिरवावं.

 दोर ओढणाऱ्याच्या पोराला राजा म्हणून बघायला लंडनचे लोक येत नाहीत, असं काहीतरी जोबनं सुरू केलं आणि मध्येच सोडून दिलं. मग हळू आवाजात म्हणाला, "ताई, कॅप्टन समुद्रात बुडाला की त्यात कुणाचा दोष नसतो."

डॉर्कसच्या हातातली सुई थांबली. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यानं त्या सकाळचा विषय काढला होता, तोही असा आडून. तिला त्याची दया आली. सुईत दोरा ओवायला लागेल तेवढा वेळ आली आणि गेली. कारण तिच्या मनात आलं, तुला दोष नको म्हणून तू बाप बदललास, आणि तो मात्र तिथे कबरीवर नावाच्या दगडाशिवाय पडलाय. तुझी शिट्टी मी घेतली ती तुला बाप राहावा म्हणून, नवा बाप मिळावा म्हणून नाही.

हे सगळं ती बोलली नाही. म्हणाली, "शनिवारी नाव घे, जोब."

"काय बोलायचं ते छापून झालंय," तो म्हणाला, आणि दार उघडून गेला.

गुरुवारी सकाळी डॉर्कस माळ्याची शिडी चढली. बायकांनी माळ्यावर जायचं नाही असा तिथे कायदा होता. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई झगा खोचून चढतेय म्हटल्यावर वरच्या माणसांनी पाइप तोंडातून काढले. कथबर्ट आता मुकादम होता, दाढी पांढरी झालेली. बत्तीस वर्षांत ती दोघं कामापलीकडे एक शब्द बोलली नव्हती. शिट्टी तिच्या नावावर होती आणि दोर त्याच्या हातातून सुटला होता, मग बोलणार काय?

तिनं सरळ सांगितलं. शनिवारी भाषणाच्या वेळी मी विंगमधून शिट्टी मारीन. दोन आखूड. तुझ्या माणसांना बजावून ठेव, कुणी हलायचं नाही.

"दोन आखूड म्हणजे धरून ठेवा," कथबर्ट म्हणाला. "ते काय बजावायचं? इथे सगळं धरूनच ठेवलंय."

"आणि त्याला काही झालंच, घसा बसला, तोल गेला, तर लांब मारीन. मग पडदा सोड. पण आधी खाली बघ."

"खाली बघितल्याशिवाय मी दोर सोडत नाही. बत्तीस वर्षं झाली." त्यानं पाइप कठड्यावर आपटून झाडला. मग तिच्याकडे न बघता म्हणाला, "ती शिट्टी दात पडलेल्या पोराची होती. मला काय कान नव्हते?"

डॉर्कसनं कठडा घट्ट धरला.  "मग बोलला का नाहीस?"

"तू बोलली होतीस ना," कथबर्ट म्हणाला. "तुझ्या शब्दावर मी कशाला बोलू?"

ती शिडी उतरून खाली आली आणि दिवसभर कुणावर ओरडली नाही. लंडनच्या कपडेवाल्यानं काळजीनं विचारलं, बाईंना बरं नाही का?

शनिवारी दुपारी थेटर इतकं भरलं, की गॅलरीत माणसं एकमेकांच्या मांडीवर बसली. खलाशी, हेरिंग साफ करणाऱ्या बायका, कोळशाच्या जहाजांवरचे हमाल, सगळे. पुढच्या खुर्च्यांत मोठे लोक पुस्तिका हातात घेऊन. खरं सांगायचं तर जोबनं त्या दिवशी काम असं केलं, की डॉर्कसला दोनदा डोळे पुसावे लागले, आणि त्याचा तिला रागच आला.

नाटक संपलं. टाळ्या थांबेनात. जोब राजाच्या वेषात, पडद्याच्या रेषेच्या दोन पावलं मागे उभा राहिला आणि हात वर केला. त्यानं गावाचे आभार मानले. हवेचे मानले, समुद्राचे मानले. मग आवाज जरा खाली आणून म्हणाला, "या समुद्रानंच माझे वडील नेले. कॅप्टन डेलामेर त्या रात्री..."

विंगमध्ये डॉर्कसनं दोन बोटं तोंडात घातली. दोन आखूड शिट्ट्या वाजल्या.

राजा उडालाच. खांदे आवळले, डोक्यावर हात घेतला, दोन पावलं मागे उडी मारली आणि मान वर करून माळ्याकडे बघत राहिला. मुकुट पडला आणि गडगडत दिव्यांपाशी गेला. कॅप्टनचा मुलगा शिट्टी ऐकून डोकं झाकत नाही, ते माळ्याखाली वाढलेलं पोरच झाकतं. पुढच्या खुर्च्यांना काही कळलं नाही. गॅलरीला मात्र कळलं. तिथे निम्म्या घरांतून कुणी ना कुणी दोर ओढला होता. वर एकदम शांत झालं.

जोबनं हात खाली घेतला. विंगकडे बघितलं. तिथे डॉर्कस उभी होती, लपलेली नव्हती, चांगली उजेडात आली होती. बहीणभाऊ एकमेकांकडे किती वेळ बघत होते देव जाणे. मग तो लोकांकडे वळला, आणि बोलला तो लंडनचा आवाज नव्हता. आमच्या धक्क्यावरचा होता.

"कॅप्टन वगैरे कुणी नाही," तो म्हणाला. "माझा बाप एझ्रा हेस्लॉप. इथल्या माळ्याचा मुकादम. इथेच, मी उभा आहे तिथे, माझा जीव वाचवताना गेला. आई गॅलरीत संत्री विकायची. ही विंगमध्ये उभी आहे ती माझी बहीण."

गॅलरीनं पाय आपटायला सुरुवात केली. लाकडी जमीन, शेकडो बूट, छताची धूळ खाली आली. एझ्रा, एझ्रा असं नाव वरून यायला लागलं. डॉर्कसच्या छातीत काहीतरी बत्तीस वर्षांचं सुटलं आणि ती हसली, खरंच हसली.

तेवढ्यात जोबनं पुन्हा हात वर केला. "आणि त्या दिवशी ती शिट्टी..." त्याचा आवाज कापला. तो कंप खोटा नव्हता, हे डॉर्कसला कळत होतं. पण त्याच वेळी त्याचा उजवा हात छातीवर गेला, बोटं जरा फाकून, अगदी पाचव्या अंकात राजा मरताना जातो तिथेच. पुढच्या खुर्च्यांतल्या बायकांनी रुमाल काढले. आता हा सांगणार, सुंदर सांगणार, रडणार, रडवणार, आणि वर फुलांचे गुच्छ पडणार. उद्या पुस्तिकेत एक पान वाढेल. आईनं जिच्यापायी नऊ वर्षं तोंड फिरवलं, त्या गोष्टीला टाळ्या.

डॉर्कसनं परत बोटं तोंडात घातली आणि एक लांब शिट्टी मारली.

कथबर्टनं वाकून खाली बघितलं. मग दोर सोडला. हिरवा पडदा राजाच्या नाकापुढून खाली आला आणि पलीकडे टाळ्यांचा कल्लोळ झाला. लोकांना वाटलं, भाषण तिथेच संपलं.

जोब पडद्यामागे तसाच उभा होता, छातीवर हात ठेवून. मग तो विंगमध्ये आला.  "ताई, मी सांगणार होतो. सगळं सांगणार होतो."

"माहीत आहे."

"मग का थांबवलंस? ती शिट्टी माझी होती."

"तुझी होती तेव्हा तू आठ वर्षांचा होतास, आणि तोंड उघडलं नाहीस. बरंच केलंस," डॉर्कस म्हणाली. "आता ती माझी आहे. आईपुढे मी घेतली, गावापुढे मी मिरवली, आणि आज तर हजार माणसांनी माझ्या तोंडून ऐकलीय. बापाचं नाव तुझं आहे, ते घे, हवं तिथे छाप. शिट्टीला हात लावायचा नाही."

 माळ्यावरून कथबर्ट खाली बघत होता, त्यानं टोपी काढली होती. जोबनं एकदा वर बघितलं, एकदा बहिणीकडे, आणि मग लहानपणी उभा राहायचा तसा पाठ करून तिच्यापुढे उभा राहिला. डॉर्कसनं त्याच्या झग्याच्या मानेवरचे हूक एकेक करून सोडवायला घेतले.

"नीट उभा राहा," ती म्हणाली. "कॉलर घामानं भिजलीय, आजच धुवायला हवी."